घाटावरची पोर, दर्यावरची शाळा

मैत्रिणींनो, समुद्र म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? माझ्या डोळ्यांपुढे आजवर अलिबागची चौपाटी, भेळ, घोडागाडी आणि भिजून जड झालेले साडीचे काठ एवढेच येत असे. आम्ही राहतो चिंचवडला. इकडे सकाळ होते ती कंपन्यांच्या बसगाड्यांच्या हॉर्नने. पहिल्या पाळीची माणसे डबा घेऊन कोपऱ्यावर उभी असतात आणि रात्रपाळीची माणसे तारवटलेल्या डोळ्यांनी त्याच बसमधून उतरत असतात. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात लोखंडाला आकार देणारे हात पुष्कळ, पण होडीचे वल्हे धरलेला हात शोधून सापडायचा नाही. अशा गावातली, आणि तीही आमच्याच घरातली पोर महिनाभर जहाजावर जाणार म्हटल्यावर घरात काय गहजब झाला असेल, याची कल्पना तुम्हांला येईलच.

ही पोर म्हणजे माझी पुतणी, थोरल्या जाऊबाईंची मुलगी. तिचे नाव मी इथे लिहीत नाही, आणि ती ज्या सफरीवर गेली तिचेही नाही. "काकू, लिही हवं तर, पण मला मधे आणू नकोस," अशी तिची अट आहे. पुणे विद्यापीठातून वातावरणशास्त्रात एम. एस्सी. करून ती आता पाषाणला संशोधन करते. गेल्या दिवाळीच्या आधी तिला एक पत्र आले. नव्याने संशोधनाला लागलेल्या मुलामुलींना समुद्रावर नेऊन निरीक्षण कसे करायचे ते शिकवणार होते. आठवडाभर गोव्याला वर्गात शिक्षण आणि मग साडेतीन आठवडे भर समुद्रात.

पत्र वाचून जाऊबाई म्हणाल्या, "हवामानाचंच शिकायचं ना? मग गच्चीवर जा की!"

भाऊजी चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत. ते काहीच बोलले नाहीत. चहा मात्र अर्धा टाकून उठले. सासूबाईंनी एकच विचारले, "तिथं जेवायला काय देतात?" आणि माझ्या मनात जे आले ते मी उघड बोलले नाही. त्याच सुमारास तळेगावकडचे एक स्थळ चालून आले होते. मुलगा चांगला, घर चांगले. त्यांना हे कळले तर? शेवटी कळलेच. निरोप आला की, "शिकलेली आहे, नोकरी करू दे. पण लग्नानंतर हे जहाजाबिहाजाचं चालणार नाही."

घरातली सगळी तिच्याकडे पाहू लागली. ती शांतपणे म्हणाली, "आधी जाऊन तर येऊ दे. मला झेपतं की नाही हे मलाच कुठे ठाऊक आहे?"

खरे सांगते, त्या रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसले ती समजूत घालायलाच. पण समजूत तिनेच माझी घातली. म्हणाली, "काकू, २०१९ साल आठवतं?"

न आठवायला काय झाले! त्या पावसाळ्यात पवना फुगली, मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात पाणी शिरले, नदीकाठची बिऱ्हाडे हलवावी लागली. आणि त्याच साली नोव्हेंबरात महापालिकेने नळाला दिवसाआड पाणी सुरू केले. पुराच्या वर्षी पाण्याची टंचाई! पिंपे आणि टाक्या भरून ठेवताना आपण बायकांनी किती बोटे मोडली असतील.

"त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिमेकडची बाजू नेहमीपेक्षा जास्त तापली होती आणि पूर्वेची, सुमात्रा बेटाकडची बाजू गार पडली होती," ती सांगू लागली. "समुद्राचा हा तराजू १९९९ साली शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडला. त्यांत साजी नावाचे आपले एक भारतीय शास्त्रज्ञ होते. तराजू एका बाजूला झुकला की आपला पाऊस बदलतो. पण तो किती झुकलाय हे चिंचवडच्या गच्चीवरून कसं कळणार? तिथं जाऊन पाण्यात थर्मामीटर घालावाच लागतो."

मग तिने निसर्ग वादळाची आठवण करून दिली. ३ जून २०२०. रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ते वादळ घाट चढून मावळ-खेडपर्यंत आले. आमच्या सोसायटीतला गुलमोहर आडवा झाला, चाकणकडे पत्रे उडाले, फुलशेतीची पॉलिहाउसे फाटली. समुद्र आपल्यापासून लांब आहे असे म्हणण्याची सोय त्या दिवसापासून राहिली नाही. पृथ्वीवर माणसाच्या उद्योगांनी जी जास्तीची उष्णता साठते आहे, तिच्यातली सुमारे ९० टक्के समुद्रच पोटात घेतो. ते पोट किती तापले, कुठे तापले, हे मोजणारी माणसे हवीत. आणि ती माणसे काही आपोआप तयार होत नाहीत, त्यांना कुणीतरी जहाजावर नेऊन शिकवावे लागते.

भाऊजींना कामावरून रजा मिळेना. जाऊबाईंना मुलीला एकटीने पाठवायचे नव्हते. तेव्हा सोबत म्हणून माझी नेमणूक झाली. वास्कोला माझी मावसबहीण असते, तिच्याकडे उतरायची सोय होती. माझ्या शाळेचे तास आठवड्यातून चारच दिवस. तेही एका बाईंनी आनंदाने उचलले. निघाले मी!

पुण्याहून गोवा एक्सप्रेस धरली. ही गाडी सातारा, मिरज, बेळगाव करीत रात्रीची लोंढ्याकडे वळते आणि कॅसलरॉकहून घाट उतरू लागते. दूधसागरचा धबधबा पाहायचा म्हणून मी डोळे ताणून बसले होते, पण अंधारात पांढरे काहीतरी हलल्यासारखे दिसले आणि गार तुषार खिडकीतून आत आले, इतकेच. पोर मात्र गाढ झोपली होती. तिच्या उशाला पिशवीत मी दिलेला आलेपाक, लिंबाचे गोड लोणचे आणि खमंग भाजलेले चणे होते. बोट लागण्यावर आमच्याकडे ठाऊक असलेले उपाय एवढेच!

आणखी एक वस्तू होती, थर्माकोलचा पेला. आपल्या राज्यात असल्या पेल्यांवर २०१८ साली बंदी आली, पण आमच्या माळ्यावर जुन्या बारशातले चार-पाच पडून होते. पुतणीने त्यातला एक मागून घेतला होता आणि मला म्हणाली होती, "तुझ्या सातवीच्या मुलांना यावर नावं लिहायला सांग." मुलांनी चढाओढीने सह्या केल्या होत्या. कशाला ते तिने सांगितले नव्हते.

सकाळी वास्कोला उतरलो. रेल्वेची प्रवासी गाडी इथे संपते आणि बंदराचा कारभार सुरू होतो. मुरगाव बंदर म्हणजे आमच्या औद्योगिक पट्ट्याचेच पाण्यावरचे भावंड वाटले मला. तेच ट्रक, तीच धूळ, तेच डोक्यावर शिरस्त्राण घातलेले कामगार. फरक इतकाच की रस्त्याच्या शेवटी भिंत नव्हे, समुद्र. दुपारी मावसबहिणीने मला सड्यावर नेले. सडा म्हणजे बंदराच्या डोक्यावरचे पठार. तिथेच ध्रुवीय आणि महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे; अंटार्क्टिकाला जाणाऱ्या आपल्या मोहिमांची तयारी ती करते. सड्यावरून खाली पाहिले, तर मोठमोठी जहाजे पाटावर मांडलेल्या खेळण्यांसारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पोरीला सोडायला दोनापावलाला गेलो. पर्यटक तिथल्या धक्क्यावर फोटो काढतात आणि परत फिरतात. पण वर टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. ही संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली, आणि तिच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे.

१९५९ ते १९६५ या काळात जगातल्या अनेक देशांनी मिळून हिंदी महासागर पिंजून काढायचे ठरवले. तोवर या समुद्राची माहिती इतर महासागरांच्या मानाने फारच थोडी होती. चाळीसहून अधिक जहाजे आली. आपल्या नौदलाचे 'किस्तना' त्यांत होते. अमेरिकेचे 'अँटन ब्रून' नावाचे जहाज तर पूर्वी त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या सैरसपाट्याचे होते. ते धुऊनपुसून प्रयोगशाळा केलेले. १९६३ साली ते मुंबईहून बंगालच्या उपसागराकडे निघाले. परदेशी जहाजांवर आपले तरुण शास्त्रज्ञ गेले आणि हातात दोर धरून शिकले. मोहीम संपल्यावर ही शिकलेली माणसे आणि जमवलेले ज्ञान वाया जाऊ नये, म्हणून ही संस्था उभी राहिली. म्हणजे बघा, संस्थेच्या आधी शाळा होती, आणि तीही पाण्यावर!

पुढे आपली स्वतःची जहाजे आली. १९७६ साली 'गवेषणी'. मुळात गाळ वाहायला बांधलेली बोट, तिचे रूपांतर करून संशोधनाचे जहाज केले. आपण जुन्या नऊवारीचे परकर-पोलके शिवतो ना, तसेच. १९८३ साली जर्मनीत बांधलेली, शंभर मीटर लांबीची 'सागर कन्या' आली. २०१४ साली ८० मीटरांची 'सिंधु साधना', ती मात्र आपल्या देशातच बांधलेली. डिसेंबर २०१५ मध्ये हिंदी महासागराची दुसरी आंतरराष्ट्रीय मोहीमही गोव्यातूनच सुरू झाली.

हे सारे ऐकताना माझ्या मनात आपला बायकांचा प्रश्न घोळत होताच. यांत बायका कुठे होत्या? विचारल्यावर दोन नावे कळली आणि दोन्ही नावांचा आपल्या पुण्याशी संबंध निघाला.

पहिल्या अदिती पंत. जन्म नागपूरचा, १९४३ सालचा. पुणे विद्यापीठात बी. एस्सी. करीत असताना अॅलिस्टर हार्डी यांचे 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्यांनी समुद्रशास्त्राचा रस्ता धरला. हवाई आणि लंडन इथे शिकून त्या गोव्याच्या याच संस्थेत आल्या. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून अंटार्क्टिकाची तिसरी भारतीय मोहीम निघाली तिच्यात त्या होत्या. त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया. नंतर अदितीबाई पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करीत होत्या. आपण पाषाण रस्त्यावरून किती वेळा गेलो असू!

दुसऱ्या अॅना मणी. त्या मूळच्या केरळच्या. १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत आल्या. शिवाजीनगरच्या त्या जुन्या दगडी इमारतीला आपण अजून 'सिमला ऑफिस' म्हणतो. कारण १९२८ साली हवामान खाते सिमल्याहून तिथे आले. स्वातंत्र्याच्या वेळी पाऊस मोजायची, वारा मोजायची साधी उपकरणेही आपण बाहेरून आणत होतो. अॅनाबाईंनी पुण्याच्या कार्यशाळेत ती इथेच बनवून घेतली. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे पक्के केले. त्या जहाज चालवीत नव्हत्या की वादळाशी झुंजत नव्हत्या. मोजमाप चोख असले पाहिजे एवढाच त्यांचा ध्यास. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याचाच उपयोग झाला.

आठवड्याने जहाज सुटायच्या दिवशी मी पुन्हा वास्कोला होते; त्यासाठी मुक्काम वाढवला. बंदराच्या आत बाहेरच्यांना सोडत नाहीत. फाटकाशीच निरोप घ्यावा लागला. वीसएक मुलेमुली, पाठीवर पिशव्या, कुणी तमिळ बोलतेय, कुणी बंगाली. मुली सहा होत्या. शिकवायला येणाऱ्या दोघी बाई होत्या, त्यांतल्या एक माझ्या वयाच्या. त्यांनी मला पाहून विचारले, "आई का?" मी म्हटले, "काकू. आई यायला घाबरली." त्या हसल्या. म्हणाल्या, "माझीसुद्धा आली नव्हती."

संध्याकाळी सड्यावरून मी ते पांढरे जहाज बाहेर पडताना पाहिले. हळूच, आवाज न करता, एखादी सून पहिल्यांदा माहेरी निघावी तसे. मग ते टिंबाएवढे झाले. डोळ्यांत पाणी आले हे जाऊबाईंना अजून सांगितलेले नाही.

साडेतीन आठवड्यांनी संक्रांतीच्या आधी पोर परत आली. रंगाने रापलेली, चेहऱ्याने उजळलेली. आम्ही सगळी तिच्याभोवती बसलो. तिने जे सांगितले ते मी तुम्हांला माझ्या शब्दांत सांगते.

पहिले तीन दिवस बोट लागून ती आडवी. चणे आणि आलेपाक यांवर जगली. चौथ्या दिवशी उठली आणि मग कामाला जुंपली. जहाजावर दिवसरात्र नसते, चार-चार तासांच्या पाळ्या असतात. मध्यरात्री बारा ते चार ही तिची पाळी आणि तीच दुपारची. "बाबा, तिथंसुद्धा रात्रपाळीच!" म्हटल्यावर भाऊजी पहिल्यांदा हसले. पहिला धडा मात्र शास्त्राचा नव्हे, जीव वाचवण्याचा. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला, की हातातले टाकून, जीवरक्षक जाकीट घालून ठरल्या जागी उभे राहायचे. गोडे पाणी मोजून वापरायचे. हा धडा आमच्या पोरीला नवा नव्हता. साधा साबण समुद्राच्या पाण्यात फेसाळत नाही, हे मात्र तिला तिथे कळले.

मग ती मोठी बाटल्यांची माळ. एका लोखंडी चौकटीत लांबट बाटल्या गोलाकार उभ्या केलेल्या असतात, दोन्ही तोंडे उघडी. मधे पाण्याचे तापमान, खारटपणा आणि खोली मोजणारे यंत्र. ही चौकट जाड तारेने दोन-दोन हजार मीटर खाली सोडतात. वर येताना जहाजावरून इशारा देऊन ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली मिटवतात. वर आली की प्रत्येक बाटलीत वेगळ्या थराचे पाणी! वर २८ अंश, तर दोन हजार मीटरांवर तीन अंशांच्या आसपास. आपल्या फ्रीजपेक्षा थंड. किलोभर पाण्यात ३५-३६ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट सहा-सात चहाचे चमचे.

पृष्ठभागाच्या पाण्यासाठी मात्र साधी बादली! दोराने बादली सोडायची, पाणी घ्यायचे आणि पटकन थर्मामीटर वाचायचा. पूर्वी जहाजांवर कापडी बादल्या असत. कापडातून पाणी पाझरते, वाऱ्याने सुकते आणि आतले पाणी गार होते, आपल्या माठासारखेच. त्यामुळे जुन्या जहाजांच्या वह्यांतले आकडे खऱ्यापेक्षा थोडे कमी भरतात आणि शास्त्रज्ञांना ते आजही दुरुस्त करून घ्यावे लागतात. माठाचे शास्त्र आपल्याला ठाऊक असते, पण त्याचा जगाच्या हवामानाच्या हिशेबाशी संबंध असेल असे कुणाला वाटले असते?

आता मुख्य गोष्ट. पाण्यात प्राणवायू किती विरघळलेला आहे ते मोजायचे. ही रीत हंगेरीच्या विंक्लर यांनी १८८८ साली काढली आणि अजून तीच खरी मानतात. बाटलीतून पाणी काढताना हवेचा एकही बुडबुडा आत जाता कामा नये, म्हणून सगळ्यांत आधी प्राणवायूचाच नमुना घेतात. त्यात दोन औषधे घालायची, बूच लावून हलवायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. मग आम्ल घालून, खळ घालून (आपण सुती साडीला घालतो ना, तसलीच) निळा रंग येतो, आणि थेंबथेंब औषध टाकून तो निळा रंग जाईपर्यंत मोजायचे.

एका रात्री अडीच वाजता तीनशे मीटरांचा नमुना आला. शेजारच्या मुलीच्या बाटलीत साका पांढराच राहिला, आमच्या पोरीच्या बाटलीत तपकिरी आला. पोर खूश! शेजारची रडकुंडीला. तेवढ्यात त्या माझ्या वयाच्या बाई आल्या. दोन्ही बाटल्या दिव्यासमोर धरल्या आणि म्हणाल्या, "पांढरी बरोबर आहे. तपकिरी चुकली."

कारण असे, की अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंत जो पट्टा आहे, त्याच्या बऱ्याच भागात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथले सूक्ष्म जीव मग नायट्रेटवर गुजराण करतात आणि त्यातून हवा तापवणारा एक वायूही तयार होतो. या पट्ट्यावर जगभरच्या शास्त्रज्ञांची नजर आहे. पोरीच्या बाटलीत जो प्राणवायू निघाला तो समुद्राचा नव्हता, तिच्या हातून आत गेलेल्या बुडबुड्याचा होता.

"मी म्हटलं, टाकून देते हा आकडा," पोर सांगत होती. "तर बाई म्हणाल्या, टाकायचा नाही. वहीत लिहायचा, पुढे 'शंकास्पद' अशी खूण करायची आणि कारण लिहायचं, माझ्या हातून बुडबुडा गेला म्हणून. सही करायची. काकू, कान असे तापले होते ना! पण लिहिलं."

इथे भाऊजी एकदम पुढे सरसावले. "म्हणजे रिजेक्शनचा टॅग!" ते म्हणाले. "आमच्याकडे खराब माल लपवला तर नोकरी जाते, पण टॅग लावला तर कुणी रागवत नाही. आणि तुमचं मोजमाप बरोबर आहे हे कशावरून ठरवता?" तिने सांगितले, की खारटपणा मोजायच्या यंत्राला आधी सीलबंद बाटलीतले प्रमाण ठरलेले समुद्राचे पाणी पाजतात, ते बरोबर मोजले तरच पुढे जायचे. भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "मास्टर गेज! अगं, हे तर मी पंचवीस वर्षं करतोय!"

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला एक गोष्ट लख्ख दिसली. आम्ही सगळी म्हणत होतो, लोखंडाच्या गावातल्या पोरीचा समुद्राशी काय संबंध? पण पाळी सांभाळणे, माप चोख घेणे, चूक झाली तर ती झाकून न ठेवणे हे सारे तिने या गावातच, स्वतःच्या बापाच्या तोंडून ऐकत शिकले होते. समुद्रावर तिने फक्त त्याची परीक्षा दिली. आणि त्या एका चुकलेल्या आकड्याची किंमत लहान नाही. असे लाखो आकडे एकत्र करून उद्याचा पाऊस, परवाचे वादळ यांचा अंदाज बांधतात. एक बुडबुडा लपवला, तर हिशेब कुठेतरी चुकणारच.

मग तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. आमचा थर्माकोलचा पेला! पण केवढा? देवापुढच्या पंचपात्रातल्या पळीएवढा. बाटल्यांच्या चौकटीला पिशवीत घट्ट बांधून तो दोन हजार मीटर खाली पाठवला होता. तिथे पाण्याचा दाब इतका, की नखाएवढ्या जागेवर दोनशे किलो वजन, तांदळाची पन्नास किलोंची चार पोती! थर्माकोलातली सगळी हवा दबून गेली आणि पेला आवळला. सातवीच्या मुलांच्या सह्या मात्र जशाच्या तशा, मुंगीच्या पावलांएवढ्या.

तो पेला मी वर्गात नेला. पाण्याचा दाब हा धडा मी इतकी वर्षे फळ्यावर शिकवत होते. त्या दिवशी मुलांनी पेला हातोहात फिरवला आणि एकही मूल बोलले नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, माझं नाव खरंच खाली जाऊन आलं?" मी म्हटले, "हो. तूही जाशील."

तुमच्या घरी अशी एखादी मुलगी असेल तर चार गोष्टी सांगून ठेवते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायन, गणित घेतलेल्या मुलींना हा रस्ता मोकळा आहे. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचे आणि गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पाषाणची भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था १९६२ पासून मान्सूनचा अभ्यास करते आहे. हैदराबादच्या महासागर माहिती केंद्रात समुद्राच्या निरीक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते. मुलींना जहाजावर वेगळी खोली असते, डॉक्टर असतो, आणि सहा मुली असल्या की सोबतही असते. डब्यात आलेपाक द्या. कोरडे, हलके खाणे द्या. आणि उंच टाचांच्या चपला घरीच ठेवायला सांगा.

आता तळेगावच्या स्थळाचे काय झाले, असे तुम्ही विचारालच. संक्रांतीनंतर ती मंडळी पुन्हा आली. मुलाच्या आईने तोच प्रश्न काढला. पोर काही बोलणार, तोच जाऊबाई म्हणाल्या, "ते तिचं काम आहे हो. आमचे हे रात्रपाळीला जातात म्हणून मी कधी अडवलं का?" एवढेच म्हणून त्या पोहे आणायला आत गेल्या. मी पाठोपाठ गेले. बशीत खोबरे पेरताना त्यांचे हात थरथरत होते. मी काही बोलले नाही, कोथिंबीर पुढे केली.

"कळवतो" म्हणून ती मंडळी गेली. अजून कळवलेले नाही. जाऊबाईंना रात्री झोप लागत नाही, हे मला ठाऊक आहे. स्थळ गेले तर लोक काय म्हणतील ही काळजी त्यांच्या मनातून गेलेली नाही, आणि माझ्याही नाही. पण पोरीला पुढच्या सफरीचे पत्र आले आहे. वैशाखात, पाऊस यायच्या आधी, अरबी समुद्र सर्वांत तापलेला असतो तेव्हा.

काल दुपारी जाऊबाईंकडे गेले, तर स्वयंपाकघरातून आल्याचा वास येत होता. काचेच्या कपाटात, पोरीच्या शाळेतल्या ढालीशेजारी, तो इवलासा पेला ठेवलेला होता. आणि शेगडीपाशी जाऊबाई पाक ढवळत उभ्या होत्या.

"मागच्या वेळी तुझा आलेपाक जरा मऊ झाला होता," त्या म्हणाल्या. "या वेळी मीच करते."